आमचं बॅकग्राउंड

पाच माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडायला लागली की किस्से साचायला लागतात. ठरवून कुणी गोळा करत नाही. आमच्याकडचे तर बहुतेक किस्से असे की, घडले तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलेलं. सहा-आठ महिने जातात, आणि एक दिवस भाकरी मोडता मोडता ज्याचं त्यालाच सांगावंसं वाटतं. मग आम्ही हसतो. काही वेळा हसत नाही.

आम्ही सोलापुरातल्या एका कलासंग्रहालयात 'म्युझियम एज्युकेटर' आहोत. शाळा येतात, बचत गट येतात, ज्येष्ठ नागरिक येतात. त्यांना चित्रं दाखवायची, चित्रांपुढं बोलतं करायचं, हे आमचं काम. कार्डावर एज्युकेटर छापलंय, लोक गाईड म्हणतात आणि माझ्या गल्लीत मी वॉचमन आहे असा समज आहे. तो मी अजून दुरुस्त केलेला नाही.

पाच जणांत कलेची डिग्री एकीकडंच, आमच्या पल्लवी मॅडमकडं. बडोद्याला शिकलेल्या. बाकी आम्ही चौघं कुठनं कुठनं आलो, ते सुरुवातीला कुणीच कुणाला सांगत नव्हतं.

* * *

मुंबईच्या एका संस्थेनं आमच्यासाठी ऑनलाइन ट्रेनिंग ठेवलं होतं. रविवार असल्यामुळं आपापल्या घरून बसायचं होतं. स्क्रीनवर राज्यभरातले एज्युकेटर. कुणाच्या मागं पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागं मोठं पेंटिंग. आमच्या कल्पनाताई छान साडी नेसून बसलेल्या. मागं शोकेस, त्यात काचेचे हंस.

शिकवणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "कल्पनाजी, तुमचं बॅकग्राउंड जरा सांगाल?"

कल्पनाताईंनी वळून मागं बघितलं. चेहरा एकदम उतरला.

"हे आमचं न्हाय मॅडम. शेजारच्या वहिनींचा हॉल हाय. आमच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटल्यात, म्हणून हितं येऊन बसले."

बाई म्हणाल्या, "सो ऑनेस्ट! थँक यू!" आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. तो पुढचा माणूस मी. मी घाईघाईनं "टेक्स्टाइल इंडस्ट्री" एवढंच बोललो आणि माइक बंद केला.

दुसऱ्या दिवशी कल्पनाताई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "सुहासभाऊ, त्या बाईनं काय इचारलं हुतं ते मला नंतर भांडी घासताना कळलं."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो ताई. होतं असं."

"न्हाय, बरंच झालं की. तवाच कळलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं!"

* * *

ते खरं काय होतं, ते पुढं ज्येष्ठ नागरिकांच्या एका ग्रुपसमोर उघडं पडलं.

कल्पनाताई गॅलरीत शिरल्या की त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. 'हाय'चं 'आहे', 'न्हाय'चं 'नाही', 'हितं'चं 'इथे'. त्या दिवशी एका निसर्गचित्राजवळ मंडळी रेंगाळली होती. मागचे मागं, पुढचे पुढं. ताई दोनदा म्हणाल्या, "कृपया पुढील चित्राकडे यावे." कुणी हललं नाही. त्यांच्या हातात बॉलपेन होतं. त्यांनी अगदी नकळत ते स्टीलच्या कठड्यावर वाजवलं. टण् टण्!

एक पांढऱ्या मिशांचे आजोबा चित्र बघता बघता ताडकन सरळ झाले आणि चालायला लागले. एक दालन ओलांडलं, दुसरं ओलांडलं, पार शेवटच्या दरवाजापर्यंत! त्यांची बायको मागनं हाका मारतीय, "अवो, कुटं निघाला?"

आजोबा थांबले. वळून म्हणाले, "डबल बेल दिली न्हवं त्यांनी!"

एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी दिली तर थांबायचं, दोनदा दिली तर निघायचं. आजोबा रिटायर्ड ड्रायव्हर होते. परत आले, ताईंना नीट न्याहाळलं, आणि सगळ्या ग्रुपसमोर खुल्या दिलानं विचारलं, "कुटल्या डेपोला हुता, बाई?"

ताईंचे कान लाल झाले. कंडक्टरकी करता करता बाहेरून इतिहासाची पदवी घेतलेली बाई ती. पण उभं राहून गुडघे गेले म्हणून एसटी सोडली, हे आम्हालासुद्धा तोवर माहीत नव्हतं. त्या काहीतरी पुटपुटल्या. आजोबांना ऐकू कमी येत असावं.

ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "लाजताय कशाला? घंटी एक नंबर!"

* * *

आता माझं. 'टेक्स्टाइल इंडस्ट्री' म्हणजे नव्या पेठेतलं साडीचं दुकान. मी तिथं सेल्समन होतो. गादीवर मांडी घालून साड्या उलगडायच्या, खांद्यावर टाकून दाखवायच्या, पुन्हा घडी घालायची. मालकाच्या मुलानं दुकानाचं मोबाईल शोरूम केलं आणि मी बाहेर पडलो. संग्रहालयात कापडावरच्या चित्रांचं एक दालन आहे. मला कापड कळतं, बोलता येतं, म्हणून घेतलं. दुकानाचं नाव मी अर्जात इंग्रजीत, पूर्ण स्पेलिंगसकट लिहिलं होतं. त्यामुळं ते कंपनीसारखं दिसत होतं.

माढ्याकडच्या बायकांचा एक ग्रुप आला. मी रंगात आलो होतो. जुन्या कापडावरचा लाल रंग दाखवत म्हणालो, "ताई, हा झाडाच्या मुळापासून काढलेला रंग. किती पिढ्या गेल्या, पण रंग हलला नाही! उन्हात टाका, पाण्यात टाका, काही होणार नाही!"

खरं म्हणजे पाण्यात टाकायचा प्रश्नच नव्हता. ते कापड काचेत होतं. पण जिभेला सवय.

एक बाई मघापासून माझ्या तोंडाकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "अवं भाऊ, तुमी नव्या पेठेत साड्या दावत हुता का?"

मी म्हणालो, "नाही... म्हणजे... आधी होतो थोडे दिवस."

"थोडं कशाचं! माज्या लेकीच्या लग्नाचा बस्ता तुमीच बांधला की! लाल भडक शालू काढून दिलासा."

बायका चित्र सोडून माझ्याभोवती गोळा झाल्या. मी बळंच हसलो. "हो का? बरं, कशी आहे मुलगी?"

"मुलगी बरी हाय. शालूचा रंग पयल्या पाण्यात गेला." मग त्यांनी एकदा काचेतल्या त्या लाल रंगाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तवाबी तुमी असंच म्हनला हुता."

पुढचं अख्खं दालन मी कापडाबद्दल एक शब्द बोललो नाही. फक्त काळ सांगितला.

* * *

आमचे चौथे म्हणजे डॉक्टर. सगळे डॉक्टर म्हणतात. ते जनावरांचे आहेत, हा खुलासा ते स्वतः करत नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रिटायर झालेले. तरुणपणी गुरांची स्केचेस काढायचे, त्या हौसेनं इथं आले.

त्यांचा खुलासा माझ्या सासऱ्यांमुळं झाला. मी संग्रहालयात लागलो हे बायकोनं माहेरी सांगितलं होतं. सासऱ्यांनी त्यातला फक्त 'संग्रहालय' हा शब्द घेतला आणि पुढं आपल्या मनानं 'प्राणी' जोडून टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नातवंडं, पुतवंडं, शेजारची पोरं असा रिक्षा भरून लोंढा घेऊन हजर! रिसेप्शनवर ट्रस्टी उभे असताना मोठ्यानं म्हणाले, "जावई आमचं हितंच हायत. पोरास्नी वाघ दाखवा!"

पोरांनी आत डोकावून बघितलं. भिंती, चित्रं, एसी. एकजण रडायलाच लागला. सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. बिचारे वाटेत पोरांना सिंह, अस्वल सगळं कबूल करून आले होते. मला त्यांच्याकडं बघवेना आणि ट्रस्टींकडंही बघवेना.

तेवढ्यात डॉक्टर पुढं झाले. रडणाऱ्या पोराला उचलून घेतलं आणि म्हणाले, "वाघ न्हाय बाळा. पण मी वाघाला इंजेक्शन दिलंय. मला बघतो का?"

पोराचं रडणं थांबलं. ट्रस्टींनी मात्र भुवया उचलून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कसले डॉक्टर?"

* * *

डॉक्टरांचं गुपित फुटलं ते फुटलं, वर त्यांना बैलाच्या चित्रापुढं उभं करायची पल्लवी मॅडमना हौस आली. मुलींच्या शाळेची सहल होती. सोबत मुख्याध्यापिका, कडक. चित्रात एक बैलजोडी, एक गाय, एक वासरू.

मॅडमनी शिकवलेला प्रश्न डॉक्टरांनी विचारला, "चित्रात कोणती गोष्ट दिसते, मुलींनो?"

एक मुलगी उठली. "सर, ही फॅमिली आहे. ही आई, हे बाळ आणि हे बाबा. दुसरे काका असतील."

इथं "छान!" म्हणून पुढं जायचं असतं. पण नोकरी सरकारी झालेली, चुकीची माहिती सहन होईना. डॉक्टर म्हणाले, "न्हाय बाळ, बैल बाबा होऊ शकत न्हाय."

"का?"

डॉक्टरांनी मुख्याध्यापिकांकडं बघितलं. मुख्याध्यापिकांनी छताकडं बघितलं. मुलींनी वह्या उघडल्या!

घाम पुसत डॉक्टर म्हणाले, "त्याला... शेतातनं वेळच मिळत न्हाय."

मुलींनी ते लिहून घेतलं. शाळेकडून पुढं आभाराचं पत्र आलं, त्यात एका मुलीनं स्वतःची ओळ घातली होती : 'माझे पप्पापण बैल आहेत.'

* * *

पाचवे माने मामा. रिटायर्ड हवालदार. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास झालेले. ते सर्टिफिकेट त्यांनी नोकरीभर जपलं होतं आणि इथं मुलाखतीला फ्रेमसकट घेऊन आले. हात खरोखर चांगला. चित्र बघायला लावण्याची रीत मात्र जुन्या खात्यातली. एकदा एका राणीच्या तसबिरीपुढं मुलांना म्हणाले, "ही बाई काहीतरी लपवतीय. कशावरून?" मुलं तासभर हलली नाहीत.

मामा आवाज चढवत नाहीत. पण आवाजच तसला. कॉलेजच्या पोरांचा ग्रुप होता, एकजण चित्राच्या कॅनव्हासला बोट लावून बघत होता. मामा मागनं हळूच म्हणाले, "हात."

म्हणजे हात काढ, एवढंच. पोरानं दोन्ही हात वर केले! त्याच्या शेजारच्यानं केले. आणि लांब उभा असलेला आमचा इलेक्ट्रिशियन, त्यानंसुद्धा पक्कड खाली टाकून वर केले!

आम्ही दुपारी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाले, "घरात नातवाला 'इकडं ये' म्हटलं तरी आईमागं लपतंय वो. बायको म्हणती, तुमी खुणेनंच बोलवत जावा."

* * *

पल्लवी मॅडमचा किस्सा आम्हाला फार उशिरा कळला. त्या मूळच्या पुण्याच्या, असं आम्ही धरून चाललो होतो. बोलणं तसं, राहणं तसं. एकदा त्यांच्या डब्यात शेंगाचटणी होती. आम्ही सगळे सोलापूरचे, शेंगाचटणी तोंडात टाकली की घर ओळखावं असे. कल्पनाताईंनी चाखून विचारलं, "मॅडम, ही दुकानातली न्हवं. उखळातली हाय. कुणी केली?"

"आईनं," मॅडम म्हणाल्या. "मोहोळच्या पुढं आमचं गाव आहे."

आमचे घास हातातच राहिले. मग त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

बचत गटांना संग्रहालयात आणायची योजना मॅडमनीच काढलेली. गावांची यादी ट्रस्टच्या ऑफिसनं केली. एका सकाळी बस आली, बायका उतरल्या, आणि त्यांच्यात आई! लेकीला न सांगता, तिची नोकरी बघायला म्हणून आलेली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्याच दिवशी परदेशातून एक पाहुणे आलेले, ट्रस्टी सोबत, फोटोग्राफर सोबत.

"मी आईकडं बघितलं," मॅडम म्हणाल्या, "आणि म्हटलं, 'नमस्कार, या सगळ्या. माझं नाव पल्लवी.' आईनंपण नमस्कार केला. सगळ्यांनी केला तसाच."

गावातल्या बाकीच्या बायका? त्यांना कळेना. एकीनं तोंड उघडलं होतं, तर आईनं तिचा हात दाबला. तासभर मॅडमनी चित्रं दाखवली. आई सगळ्यांत मागं उभी राहून ऐकत होती. शेवटी मॅडमनी ठरलेला प्रश्न टाकला, "कुणाला काही विचारायचंय?"

मागनं आईनं हात वर केला.

"मॅडम, तुमचं गाव कुटलं म्हनायचं?"

पाहुणे हसून बघत होते. फोटोग्राफर फोटो काढत होता.

"मी म्हटलं, पुणे."

आई म्हणाली, "व्हय का. लई लांबनं आलासा."

* * *

हा शेवटचा. ह्याला मी स्वतः हजर होतो.

महापालिकेच्या शाळेतली चौथीची मुलं चित्रं काढायला आली होती. खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या. कल्पनाताईंनी विषय दिला, 'आमच्या घरी आलेला पाहुणा'. मुलं लगेच पालथी पडून कामाला लागली. कुणाची आत्या, कुणाचा मामा पेढ्यांचा पुडा घेऊन, कुणाकडं थेट मुख्यमंत्री. मी एका टोकाकडून फिरत होतो. माने मामा वरच्या ग्रुपचं आटपून नंतर खाली आले आणि खडूचे डबे वाटत दुसऱ्या टोकाकडून यायला लागले.

एक मुलगी भिंतीशी बसली होती. सानिका. दोन घट्ट वेण्या, जीभ बाहेर काढून रंगवत होती. तिचं चित्र बघून मी थांबलो. एक खोली. त्यात शेगडी, हंडा, एक बाई. खाटेखाली दोन डोळे. आणि मधोमध एक माणूस, एवढा मोठा की डोकं छताला टेकलेलं. पायात बूट. ते मात्र तिनं मन लावून रंगवले होते, काळेकुट्ट, लेस वगैरे सगळं. हातात तांब्या. चेहऱ्याच्या जागी कोरा गोल.

मी उकिडवा बसलो. "हा पाहुणा गं कोण? पैलवान आहे का?"

"न्हाय."

"मग तांब्या घेऊन काय करतोय?"

"पाणी पितोय की. मम्मीनं दिलं." तिनं शेगडीतला जाळ आणखी लाल केला. "पप्पांना न्यायला आलता."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिच्या बाई लांबून ऐकत असाव्यात. त्या लगबगीनं आल्या. "सानिका, दुसरं काहीतरी काढ. तुझी मावशी काढ, काय?" मग मला हळूच म्हणाल्या, "सर, वडील आत आहेत तिचे. तुम्ही मनावर घेऊ नका."

सानिका म्हणाली, "बाई, झालं की माझं. तोंड तेवढं राहिलंय."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तोंड का नाही काढलंस?"

"आठवत न्हवतं," ती म्हणाली. "आता दिसलं."

आणि तिनं हातातल्या खडूनं दाखवलं. माझ्या मागं माने मामा खडूचा डबा घेऊन उभे होते.

बाईंनी पदर तोंडाला लावला. मुलांचं चाललं होतं, त्यांना काही नव्हतं. मामांनी चित्राकडं बघितलं. हातातला डबा खाली ठेवला.

सानिकानं सतरंजीवरचे आपले खडू गोळा करून बाजूला जागा केली. "बसा की, काका."

मामा गुडघे धरून खाली बसले. तिच्या समोर, मांडी घालून. तिनं तपकिरी खडू निवडला, टोक फुंकलं, कागद जवळ ओढला. एक कान काढला. दुसरा काढला. मग मान वाकडी करून बघितलं आणि थांबली.

"काका, वर बघा की!"